कूलरची घरघर आणि आजींचा आवाज

प्रश्न : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर उपस्थित असलेल्या आमच्या वस्तीतील वृद्धांच्या मुलाखती चित्रित करण्याचे काम आम्ही चार मित्रांनी हाती घेतले आहे. पहिल्या दोन मुलाखतींचे चित्र चांगले आले, परंतु बोलणे कूलरच्या घरघरीत बुडाले. कॅमेरा आमच्याकडे आहे आणि ध्वनीसाठी पंधरा हजार रुपये जमले आहेत. दुकानदार कॅमेऱ्यावर बसवायचा शॉटगन माइक, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा लांबट माइक, सुचवतो. तो घ्यावा का?
– एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : तूर्त घेऊ नये. शॉटगन माइक बाजूचे उंच स्वर बऱ्यापैकी रोखतो, पण कूलरच्या घरघरीसारखे खर्जातले आवाज त्याला फारसे रोखता येत नाहीत, आणि लहान खोलीत भिंतींवरून परतणारा आवाजही त्यात शिरतो. शिवाय तो कॅमेऱ्यावर, म्हणजे बोलणाऱ्यापासून दोन मीटर दूर राहणार. माइक ओठांपासून दोन मीटरऐवजी वीस सेंटिमीटरवर आणला, तर बोलणे सुमारे २० डेसिबलने वाढते आणि कूलर मात्र आहे तेवढाच राहतो. हा फरक महागड्या माइकनेही साधत नाही.

म्हणून कपड्याला लावायचा तारेचा कॉलर माइक, एक छोटा रेकॉर्डर आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एवढेच आधी घ्यावे. वायरलेस संचाचा मोह होतो, परंतु स्वस्त संच बहुधा वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात आणि दाट वस्तीत मध्येच तुटतात. खुर्चीवर बसून बोलणाऱ्या माणसाला तारेची अडचण नसते. माइकची पिन मात्र दुकानातच पाहून घ्यावी. मोबाइलच्या पिनेवर तीन रेघा असतात, कॅमेरा व रेकॉर्डरच्या पिनेवर दोन. चुकीची पिन लावली तर आवाज क्षीण येतो किंवा येतच नाही.

माइक हनुवटीखाली एका वितीवर लावावा. एका आजींच्या पदराला मी तो लावला होता आणि त्या बोलता बोलता दर वेळी पदर सावरत होत्या. हेडफोन माझ्या पिशवीतच राहिला होता, त्यामुळे ती खसखस मला घरी आल्यावर ऐकू आली, आणि नेमकी सर्वांत हळव्या वाक्यांवर. तेव्हापासून मी माइक पदराऐवजी ब्लाउजच्या काठाला लावतो, तार आत चिकटपट्टीने बांधतो आणि मुलाखत संपेपर्यंत हेडफोन कानावरून काढत नाही. आपल्या चौघांपैकी एकाने एवढेच काम करावे.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटवर ठेवावा आणि मोठ्यात मोठा आवाज त्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे, कारण वृद्ध माणसे हळू बोलता बोलता एकदम मोठ्याने हसतात किंवा घोषणा देतात. कॅमेऱ्यातील ध्वनीही चालू असू द्यावा. आरंभी आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवावी, म्हणजे रेकॉर्डरचा ध्वनी संकलनात चित्राशी जुळवता येतो. लांब मुलाखतीत दोन्ही यंत्रे हळूहळू मागेपुढे होतात आणि शेवटच्या टाळीने ती तफावत कळते.

कूलरवर खरा उपाय वेळेचा आहे. नागपुरात मे महिन्यात दुपारी कूलर बंद करून ऐंशीच्या माणसाला तासभर बसवणे योग्य नाही. सकाळी सातच्या सुमारास जावे, पंखा व कूलर वीस-वीस मिनिटांपुरते बंद करावेत आणि मध्ये पाणी द्यावे. खोलीत सतरंजी, गोधड्या अंथरल्यास घुमणारा आवाज बराच बसतो. उघड्या भिंतींवर चादर टांगली तरी चालते. सगळे गप्प असताना खोलीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवावा, तो संकलनात जोडकाम लपवायला लागतो.

पहिल्या दोन मुलाखती पुसून टाकू नयेत. संगणकावर घरघर थोडी कमी करता येईल, पण त्यासोबत बोलण्याचा गाभाही झिजतो, म्हणून त्या दोघांकडे पुन्हा जावे. त्या दिवशी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. माइक हाती येताच पहिली भेट त्यांचीच ठेवावी.