टोळी कुठे संपते, सिंडिकेट कुठे सुरू होतं?

संघटित गुन्हेगारीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : चौघांनी ठरवून दरोडा घातला, तर तीसुद्धा संघटित गुन्हेगारीच ना?

उत्तर : नाही. लूट वाटली, चौघे चार दिशांना गेले, की ती टोळी संपली. सिंडिकेट, म्हणजे संघटित गुन्हेगारांचं टिकून राहणारं जाळं, एका गुन्ह्यापुरतं जमत नाही. चोरीचा माल घेणारा, पैसा फिरवणारा, पकडलेल्या माणसाच्या घरी दरमहा खर्च पोहोचवणारा, हे सगळे आधीपासून ठरलेले असतात. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या आणि २९ सप्टेंबर २००३ पासून लागू झालेल्या, संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या पालेर्मो करारात अशा गटाची व्याख्या आहे : तीन किंवा अधिक माणसं, काही काळ टिकलेला गट, मिळून केलेले गंभीर गुन्हे आणि त्यामागे आर्थिक किंवा इतर भौतिक लाभ. ज्याची कमाल शिक्षा निदान चार वर्षं कैदेची आहे, तो गुन्हा गंभीर. पदांची उतरंड असलीच पाहिजे, अशी अट करारात नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण ‘डॉन’ सापडला नाही म्हणजे सिंडिकेटच नाही, असं फार सहज मानलं जातं. या व्याख्येत दहशत आणि लाच यांचा उल्लेख मात्र नाही. व्यवहारात या दोन्हींवाचून सिंडिकेट फार काळ तगत नाही.

प्रश्न : व्यापारी खंडणी देत का राहतात? आणि तिला ‘संरक्षण’ का म्हणतात?

उत्तर : कारण तिच्यात थोडं संरक्षण खरोखरच असतं, आणि तिथेच माणूस अडकतो. हप्ता घेणारा दुसऱ्या टोळीला त्या भागात फिरकू देत नाही, बुडीत उधारी वसूल करून देतो. बेकायदा धंद्यात तर कोर्टात जायची सोयच नसते, त्यामुळे तिथे सौदा पाळायला लावणाराही तोच. रक्कम बेताची ठेवतात. धंदा बुडाला तर हप्ताही बुडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मारहाण रोज करावी लागत नाही. एकदा केलेल्या मारहाणीची बातमी पुढची कित्येक वर्षं वसुली करते.

पुढची पायरी जास्त घातक. हप्ता थकला की त्याचं कर्ज होतं, कर्जापोटी त्यांच्याच माणसाकडून माल घ्यावा लागतो, मग त्यांचा माणूस भागीदार म्हणून येऊन बसतो. ठेक्यांमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. न्यूयॉर्कमध्ये माफिया कुटुंबांनी (तिथे माफियाच्या टोळ्यांना ‘कुटुंब’ म्हणतात) काँक्रीटच्या कंत्राटदारांचा गट बांधला होता. २० लाख डॉलरपेक्षा मोठं काम कुणाला मिळणार हे आधीच ठरायचं आणि त्यावर २ टक्के कापून घेतले जायचे. १९८६ मध्ये त्याबद्दलच्या खटल्यात कुटुंबांच्या प्रमुखांना दोषी ठरवलं गेलं. निविदा कागदोपत्री अगदी नियमाने भरलेल्या दिसतात. ठरावीक कंपन्या आळीपाळीने जिंकत असतील आणि हरणाऱ्यांचे दर नेहमी थोडेच वर असतील, तर संशय घ्यायला जागा आहे.

प्रश्न : म्होरक्या गेला की सगळं का संपत नाही?

उत्तर : कारण गिऱ्हाईक, रस्ता आणि नफा जागच्या जागी असतात. डिसेंबर १९९३ मध्ये कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या कोकेन टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार मारला गेला, तेव्हा मेदेयीनची जागा तिथल्याच काली शहराच्या कार्टेलने, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळीने घेतली. १९९५ मध्ये कालीचेही प्रमुख पकडले गेले, तरी कोकेन थांबलं नाही. उलट वारसदारांत फूट पडली की खून वाढतात. माझ्या मते म्होरक्याइतकंच लक्ष हिशेबनीस, वाहतूकदार, बनावट कागद करणारा आणि फितूर अधिकारी यांच्याकडे हवं. पिस्तूल चालवणारा लगेच मिळतो. वर्षानुवर्षं विश्वासाचा राहिलेला हिशेबनीस तसा मिळत नाही.

प्रश्न : मग तपास नेमका कुठे हात घालतो?

उत्तर : पैशात. रोकड आधी बँकेत किंवा रोखीच्या धंद्यात मुरवतात, मग अनेक खात्यांतून आणि नावापुरत्या कंपन्यांतून फिरवतात, शेवटी जमीन, इमारत किंवा धंदा म्हणून उजळ माथ्याने बाहेर काढतात. पहिला टप्पा सर्वांत कच्चा, कारण भरमसाट नोटांचं कारण सांगावं लागतं. दुसऱ्या टप्प्यात पैसा परदेशी गेला की माग काढायला फार वेळ जातो. शिकागोतल्या टोळीचा म्होरक्या अल कपोन याला १९३१ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली ती कर बुडवल्याबद्दल.

दुसरा आधार आतल्या साक्षीदाराचा. इटलीने १९८२ मध्ये माफिया संघटनेचं सदस्य असणं हाच स्वतंत्र गुन्हा केला. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात माफियावर चाललेल्या महाखटल्यात माफियाचाच माणूस असलेल्या तोम्मासो बुशेत्ता याने संघटनेची आतली रचना उघड केली आणि डिसेंबर १९८७ मध्ये ३३८ जण दोषी ठरले. अशा साक्षीदाराला नवं नाव, नवं गाव आणि पोट भरायचं साधन द्यावं लागतं, तेही जबाब नोंदवण्याआधी आणि कुटुंबासकट. बुशेत्ताच्या बाबतीत सूड त्याच्या नातेवाइकांवर उगवला गेला. त्याचे दोन मुलगे आणि भाऊ तर त्याने साक्ष देण्याआधीच, १९८२ मध्ये, टोळीयुद्धात गेले होते.