डिश लावा खुशाल, पण आधी बाबांच्या पॉलिसीचं बघा

इंदूरच्या सुदामा नगरमधून एका वाचकाचं पत्र आलंय. घरात आई, बाबा आणि हे स्वतः, पगार २६ हजार. टीव्हीचा रिचार्ज महिन्याला ३५० चा पडतो, तो बंद करून गच्चीवर डीडी फ्री डिश लावायची म्हणतात. महाराणी रोडवरच्या एका दुकानदाराने दोन भाव सांगितलेत: साधी डिश आणि बॉक्स १,८०० ला, किंवा ६,५०० द्या आणि 'लाइफटाइम'वाला बॉक्स घ्या, सगळे पेड चॅनल कायमचे फुकट. कुठला घेऊ? आणि वाचलेले ३५० एसआयपीत टाकले तर ३० वर्षांत २४ लाख होतात असं एका व्हिडिओत बघितलं, हे खरं का? मग शेवटी जाता जाता एक ओळ, "सध्या जरा हात आवरता घेतोय कारण ऑगस्टमध्ये बाबांच्या पॉलिसीचा २ लाखांचा तिसरा हप्ता आहे."

२ लाखांचा हप्ता आणि काटछाट कुठे, तर ३५० च्या रिचार्जमध्ये. वर्षाचे ४,२०० होतात, म्हणजे हप्त्याच्या जेमतेम दोन टक्के.

तरी जे विचारलंय ते आधी उरकतो. ६,५०० वाला बॉक्स अजिबात नाही. फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा आहे, डिसेंबर २००४ पासून चालू, तिला रिचार्ज हा प्रकारच नाही, आणि तिच्यावर पेड चॅनल येतच नाहीत. कायमचे पेड चॅनल देतो म्हणणारा माणूस कुठल्यातरी चोरीच्या सर्व्हरचं कनेक्शन विकतोय, तो सर्व्हर बंद पडला की तुमचं 'लाइफटाइम' संपलं, आणि मग दुकानदार म्हणणार वरूनच प्रॉब्लेम आहे.

१,८०० वाली घ्या, पण बॉक्स एमपीईजी-४ चा मागा, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळे चॅनल दिसत नाहीत. त्याआधी टीव्हीच्या मागे बघा, सॅटेलाइटच्या वायरचं वेगळं सॉकेट असेल आणि मेनूत सॅटेलाइट ट्यूनिंग असेल तर बॉक्सही लागत नाही, वायर सरळ टीव्हीत. गच्चीवर आत्ताची डीटीएचची डिश असेलच, तीच वळवून बघा, एलएनबी (डिशच्या तोंडाशी असलेला, सिग्नल पकडणारा भाग) नाही जुळला तर तेवढा बदला. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. इंदूरहून तो आग्नेयेला येतो, बराच वर, ५७ अंशांच्या आसपास, त्यामुळे त्या बाजूला शेजाऱ्याची टाकी किंवा झाड आडवं नको. एलएनबीला जिथे वायर जोडतात तिथे टेप नीट गुंडाळून घ्या, पाणी त्या जोडातूनच वायरीत शिरतं. जोरदार पावसात चित्र जाणार, ते कुणाच्याही डिशचं जातं.

आता खरी अडचण आईंची. सह्याद्री दिसेल, पण झी मराठी आणि स्टार प्रवाहच्या मालिका फ्री डिशवर नाहीत. मोठ्या नेटवर्कांचे हिंदी करमणुकीचे चॅनलही २०१९ ला गेले, २०२० ला आले, २०२२ ला परत गेले, कारण जागांचा लिलाव होतो आणि ज्याला परवडतं तो राहतो. बाबांची मात्र मजा आहे, क्रिकेटचे जे सामने राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले असतात ते डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशला दिसतात, केबल आणि बाकीच्या डीटीएचवर तेच चॅनल असूनही सामना दिसत नाही, सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा तसा निकालच आहे. आई मालिका सोडणार असतील तर ३५० वाचतील, नाहीतर आठ दिवसांत परत रिचार्ज माराल आणि वर डिशचे १,८०० जातील. त्यांना विचारलंत का? पत्रात तरी दिसत नाही.

२४ लाखांचा हिशोब गणित म्हणून बरोबर आहे, १५ टक्के दर धरला तर. ३० वर्षं सलग १५ टक्के कोण देणार ते त्या व्हिडिओवाल्यालाच विचारा. १० टक्के धरा, ८ लाखांच्या आत येतात, आणि महागाई ६ टक्के धरली तर आजच्या हिशोबाने दीड लाखाच्याही खाली. एसआयपी जरूर करा, पण रिचार्ज वाचवून नाही, पगारातून २-३ हजारांची करा.

आता पॉलिसी. मी मेल करून माहिती मागवली, ती अशी. बाबा २०२४ मध्ये ५८ व्या वर्षी पीथमपूरच्या कारखान्यातून रिटायर झाले, पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरून २० लाख हातात आले. ३ लाख बहिणीच्या लग्नात गेले. उरलेल्यांची एफडी करायला बँकेत गेले तर तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरने चहा पाजून सांगितलं की काका, एफडीसारखंच आहे पण गॅरंटी जास्त, वर टॅक्स वाचेल. दरवर्षी २ लाख, १० वर्षं भरायचे, १५ व्या वर्षी ३० लाख. दोन हप्ते गेले, ४ लाख. आज एफडीत १३ लाख आहेत, त्याचं ७ टक्क्यांनी महिन्याला साडेसात हजार व्याज आणि ईपीएसची ३ हजार पेन्शन, यावर त्या दोघांचं चालतं.

राहिलेले हप्ते ८, म्हणजे १६ लाख, आणि एफडी १३ लाखांची. व्याज खर्चात जातंय, म्हणजे हप्ते मुद्दलातूनच जाणार. सहा हप्ते भरले की एफडीत १ लाख उरतो, व्याज साडेसात हजारांवरून सहाशेच्या खाली, आणि अजून दोन हप्ते डोक्यावर. शिवाय पैसे हातात येतील तेव्हा बाबा ७३ चे. ज्या माणसाला पुढच्या महिन्याचं व्याज लागतंय त्याला पंधरा वर्षांनी फळ देणारं झाड विकलंय, आणि ते झाड घरातल्या पिण्याच्या पाण्यावर वाढवायचंय.

आणि ती गॅरंटी तरी केवढी? २० लाखांचे ३० लाख म्हटलं की दीडपट वाटते, पण पैसे १० वर्षांत हळूहळू गेलेत, १५ व्या वर्षी येतायत, वर्षाला ४ टक्केही धड पडत नाहीत. टॅक्स वाचेल म्हणे! बाबांचं वर्षाचं उत्पन्न सव्वा लाखाच्या आसपास, त्यांना टॅक्स लागतच नाही, वाचणार काय?

मग काय करायचं? तिसरा हप्ता भरायचा नाही. "आता ४ लाख गेलेत तर पूर्ण करू" हे बाबा म्हणणार, सगळेच म्हणतात. पण तुमची पॉलिसी ऑगस्ट २०२४ ची आहे, सरेंडरचे, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी मोडून पैसे परत घेण्याचे, नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आले, म्हणजे तुम्हाला साधारण जुनाच हिशोब लागणार: दोन हप्त्यांनंतर भरलेल्याच्या ३० टक्के, तीन हप्त्यांनंतर ३५ टक्के. आज सोडली तर १ लाख २०, तिसरा भरून सोडली तर २ लाख १०. म्हणजे आणखी २ लाख टाकून ९० हजार वाढतात. आधीचं सगळं विसरून फक्त आजपासूनच्या पैशांचा हिशोब मांडला तरी पुढे भरत राहण्यात सहा टक्क्यांच्या आतच आहेत, तुमची एफडी त्याहून बरी.

पण लगेच सरेंडरही मारू नका. दोन हप्ते पूर्ण भरलेत, पॉलिसी पेड-अप होऊ शकते. पुढे काही भरायचं नाही, विमा दोन दशांश होतो, आणि २० लाखांच्या सम अॅश्युअर्डवर (पॉलिसीत लिहिलेल्या विम्याच्या रकमेवर) मुदतीला साधारण ४ लाख मिळतात, अजून १३ वर्षांनी. १ लाख २० हजार आज घेऊन सव्वा आठ टक्क्यांनी जरी ठेवले तरी १३ वर्षांत ३ लाख ३० च्या आसपास होतात. म्हणजे ते पैसे आत्ता अडलेले नसतील तर पेड-अप बरं पडतं. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या, सरेंडर व्हॅल्यू आणि पेड-अप व्हॅल्यू, आजच्या तारखेचे.

त्याआधी एक प्रयत्न करा, पूर्ण ४ लाख परत मागण्याचा. पॉलिसीच्या फाइलीत मागच्या बाजूला प्रपोजल फॉर्मची कॉपी असते, त्यात व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न या रकान्यांत काय लिहिलंय ते बघा. सही बाबांची पण अक्षर दुसऱ्याचं, आणि रिटायर माणसाचं उत्पन्न ७-८ लाख दाखवलेलं, असं मी बरेचदा बघतो. तसं असेल तर तोच तुमचा पुरावा. कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर विमा लोकपालांकडे जा, मध्य प्रदेशचं ऑफिस भोपाळला आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनी व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग पुढे करेल, ज्यात बाबा प्रत्येक प्रश्नाला "हो हो" म्हणतायत. हे प्रकरण अवघड करतं, संपवत नाही. खात्री देत नाही मी.

एफडीचं असं करा: बाबांना ६० पूर्ण झाली की पोस्टात किंवा बँकेत सीनियर सिटीझन सेव्हिंग स्कीम उघडा, एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. १० लाख ठेवले तर दर तिमाहीला २०,५००. एफडीत तेवढ्यावर साडेसतरा हजार येतात. उरलेले ३ लाख एफडीतच असू द्या, दवाखान्यासाठी. दवाखान्यावरून आठवलं, कारखान्याचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपला आणि नवा घेतलेला नाही असं तुम्ही मेलमध्ये एका वाक्यात लिहिलंय. आयुष्मानचं ७० वर्षांपुढचं कार्ड यायला बाबांना अजून दहा वर्षं आहेत. दोघांचे जुने आजार खरे खरे सांगून हेल्थ पॉलिसी घ्या, महाग पडेल, तरी २ लाखांच्या त्या हप्त्याहून कितीतरी कमी.

ऑगस्टच्या आधी बँकेत जाऊन हप्त्याचं ऑटो डेबिट बंद करा, लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. ते झालं की रिलेशनशिप मॅनेजरचा फोन येईल, कदाचित घरीच येईल, आणि म्हणेल काका ही बंद करा, मी पाचच वर्षांची नवीन करून देतो. चहा तुम्ही पाजा, सही करू नका.