पाणथळ, चिबड आणि गाळपेर

प्रश्न असा आला आहे: ‘वेटलँड’ला आर्द्रभूमी म्हणावं, दलदल की पाणथळ? आणि आमच्या मोहोळ-पंढरपूरकडे उसाच्या रानात होतं ते चिबड म्हणजेही पाणथळच का?

पाणथळच म्हणा. समासात ‘पाणी’चं ‘पाण’ होतं (पाणवठा, पाणलोट, पाणकावळा) आणि ‘स्थळ’चं ‘थळ’. बहुतेकदा तो विशेषणासारखा येतो: पाणथळ जागा, पाणथळ जमीन. आर्द्रभूमी हिंदीतून आलाय. मराठी कानाला तो नुसती ओल सांगतो. दलदल म्हणजे पाय रुततो तेवढीच जागा. १९७१ च्या रामसर कराराची (पाणथळ जागा जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) व्याख्या त्याहून फार मोठी आहे: नैसर्गिक वा कृत्रिम, कायमचं वा हंगामी, वाहतं वा साचलेलं, गोडं वा खारं पाणी, सगळं त्यात येतं.

चिबड मात्र पाणथळ नव्हे, तो जमिनीचा आजार आहे. भारी काळ्या रानाला कालव्याचं पाणी बेसुमार दिलं आणि निचरा नसला की भूजल मुळांपर्यंत चढतं, बाष्पीभवनाने क्षार वर येतात. सामू (pH) ८.५ च्या पुढे गेला आणि सोडियम वाढलं की जमीन चोपण. त्यावर जिप्सम टाकतात, पण आधी चर काढला नाही तर सोडियम निघून जायला वाटच नसते, जिप्सम वाया.

उलट ‘गाळपेर’ हा आपला शब्द खऱ्या पाणथळीला चिकटलेला. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरतात ती गाळपेर. त्याच उथळ काठावर शेकाट्या आणि रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी चरतात, म्हणून तिथे पिकावर मारलेलं औषध थेट त्यांच्या खाण्यात उतरतं. तलावातला गाळ काढतानाही काठ उभा कापू नये, उतरता ठेवावा. घोटाभर पाणीच उरलं नाही तर चिखलात चोच घालणारे पक्षी बसणार कुठे? जलपर्णी काढून काठावरच रचली तर कुजून तिचं खत पुन्हा पाण्यातच जातं.

एक गंमत. २०१७ च्या पाणथळविषयक केंद्रीय नियमांतून खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलसाठे वगळले आहेत. म्हणजे उजनी आणि सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव शब्दाने पाणथळ, नियमाने नाहीत. आणि महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मध्यमेश्वर, तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं!