भूल आणि रक्तातील एन्झाइम: तपासणीतील आकडा आणि त्यामागचे कारण

भुलेच्या औषधांनी रक्तातील एन्झाइमची क्रिया बदलते का, आणि शस्त्रक्रियेनंतर सीपीके (मुख्यतः स्नायूंतील एन्झाइम) व एसजीपीटी (मुख्यतः यकृतातील एन्झाइम) वाढलेले दिसले तर तो भुलेचाच परिणाम समजावा का, असे आपण विचारले आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

सीपीके आणि एसजीपीटी यांचे काम पेशींच्या आत चालते. रक्तात ती वाढतात, ती पेशींतून पाझरल्यामुळे. स्नायू कापला गेला किंवा त्यात इंजेक्शन दिले तरी सीपीके वाढते, त्यामुळे केवळ आकड्यावरून भुलेला दोष देता येत नाही. हॅलोथेन या श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या भुलेच्या औषधामुळे मात्र एसजीपीटी वाढत असे, क्वचित यकृताला गंभीर इजाही होत असे.

रक्तद्रवातच काम करणारे आणि माझ्या मते अधिक लक्ष देण्याजोगे एन्झाइम म्हणजे स्यूडोकोलिनेस्टरेज. श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू सैल करण्यासाठी दिलेले सक्सिनिलकोलीन ते इतक्या झपाट्याने तोडते, की त्याचा परिणाम साधारण 5 ते 10 मिनिटांत ओसरतो. हे एन्झाइम जन्मतः सदोष असेल, तर तोच परिणाम काही तास टिकतो. रुग्ण शुद्धीवर येऊ लागतो, पण त्याला श्वासही घेता येत नाही. अशा वेळी व्हेंटिलेटर आणि झोपेचे औषध दोन्ही चालू ठेवून वाट पाहणे हाच सुरक्षित मार्ग असतो. स्नायूंची शिथिलता उतरवण्यासाठी एरवी दिले जाणारे निओस्टिग्मिन या एन्झाइमलाच दाबते, त्यामुळे ते येथे घाईने देऊ नये.

हा दोष ओळखण्याची चाचणीही भुलेच्याच एका औषधावर आधारलेली आहे. डिब्युकेन हे जागा बधिर करणारे औषध निरोगी व्यक्तीच्या एन्झाइमची क्रिया सुमारे 80 टक्के रोखते, तर आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलेल्या व्यक्तीत जेमतेम 20 टक्के. यकृताचे आजार, गरोदरपण किंवा ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशके यांनी एन्झाइमची एकूण क्रिया घटते, पण ही टक्केवारी सहसा बदलत नाही. म्हणून एकूण क्रिया आणि ही टक्केवारी या दोन्ही तपासण्या एकत्र वाचाव्यात.

कुटुंबात कोणाची शिथिलता असामान्य वेळ टिकली असेल, तर सख्ख्या भावंडांनी ही तपासणी अवश्य करावी आणि दोष आढळल्यास सक्सिनिलकोलीन व याच एन्झाइमने तुटणारे स्नायू सैल करणारे दुसरे औषध मिव्हाक्युरियम टाळण्याची लेखी नोंद पुढील प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना दाखवावी. भुलेत वापरल्या जाणाऱ्या रेमिफेंटानिल या वेदनाशामकाला रक्तातील व ऊतींतील दुसरी एस्टरेज एन्झाइम तोडतात, त्यामुळे या दोषापायी ते टाळावे लागत नाही.