आजोबांची ट्रंक : अभिलेखागार, संग्रह की दप्तर?

लालबागच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. चाळ पुनर्विकासाला गेली आणि माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, शिवाय चाळीच्या मंडळाचे चिटणीस. ट्रंकेत पगाराच्या चिठ्ठ्या, गावी धाडलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या, वर्गणीची पावतीपुस्तकं, १९८२च्या संपातली पत्रकं आणि ढीगभर पत्रं. हे सगळं नीट जपायचं आहे, पण त्याला ‘अर्काइव्ह’ म्हणायला मन घेत नाही. मराठीत काय म्हणावं, अभिलेखागार, संग्रह की आणखी काही?

माझं उत्तर : दप्तर.

‘अभिलेखागार’ चूक नाही, पण तो शब्द जागेचा आहे. शेवटचं ‘आगार’ पाहा, एसटीचं असतं तेच. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारचं पुराभिलेखागार आहे. त्या कार्यालयाची सुरुवात १८२१ची. तिथे कितीतरी कचेऱ्यांची दप्तरं एकत्र नांदतात. एका ट्रंकेला ते नाव ढगळ होईल.

‘संग्रह’ मात्र मला खरोखर खटकतो. संग्रहात निवड असते. नाणी जमवणारा हवं ते नाणं घेतो, नको ते सोडतो. तुमच्या आजोबांनी पावत्या जमवल्या नाहीत. त्यांनी मनिऑर्डर केली, पावती मिळाली, ती ठेवली. वर्गणी घेतली, स्थळप्रत उरली. माणूस आपलं काम करत राहतो आणि कागद मागे साचत जातात, त्या साचलेल्याला मराठीत दप्तर म्हणतात. नाना फडणविसांच्या घरच्या कागदांना ‘मेणवली दप्तर’ म्हणतात ते याच अर्थाने. म्हणजे हा शब्द फक्त सरकारी कागदांचा नाही, घरच्या कागदांनाही तो पूर्वीपासून चालत आला आहे.

दप्तर म्हटलं की शाळेची पिशवी डोळ्यांपुढे येते, ही अडचण तुम्हीही लिहिली आहे. मला ती अडचण वाटत नाही. शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘डिफ्थेरा’ आहे, म्हणजे कमावलेलं कातडं, ज्यावर लिहीत असत. (घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाचं डिप्थेरिया हे नावही त्यातूनच आलं.) पुढे हिंदीत ‘दफ़्तर’ म्हणजे कचेरी झाली, तर मराठीने कागदांचं गाठोडं धरून ठेवलं. शाळकरी पोराच्या पाठीवर असतं तेही त्याच्या वह्या-पुस्तकांचं गाठोडंच.

आणि शब्द जुनाट झाला म्हणावं, तर तसंही नाही. कुठल्याही गृहनिर्माण संस्थेत निवडणूक झाली की पहिला वाद ‘जुन्या समितीने दप्तर अजून सोपवलं नाही’ हाच असतो. ग्रामपंचायतीची ‘दप्तर तपासणी’ होते. काम रेंगाळलं की ‘दप्तरदिरंगाई’ होते. तुमच्या आजोबांचं ‘चिटणीस’ हे पदही ह्याच घराण्यातलं : चिठ्ठी-नवीस, चिठ्ठ्या लिहिणारा. चिटणिसाच्या कागदांना दप्तर नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

दप्तराच्या आत आणखी एक मोजमाप असे, ‘रुमाल’. चौकोनी कापड पसरायचं, मधोमध कागदांची चळत ठेवायची, समोरासमोरची टोकं आवळून गाठ मारायची. पुण्याच्या पेशवे दप्तरातला कागद सांगताना अभ्यासक आजही रुमालाचा क्रमांक देतात. पोथी-वहीच्या अशाच कापडाला ‘बासन’ म्हणतात. आमच्या घरी जमाखर्चाच्या वह्यांना लाल खारव्याचं बासन होतं. गाठीपाशी कापडाचा रंग विटलेला, पण घडी उलगडली की आतला पट्टा अजून लालभडक. ‘योजना बासनात गुंडाळली’ हा वाक्प्रचार आपण काम सोडून दिल्याच्या अर्थाने वापरतो, त्याचं मला वाईट वाटतं. बासन बांधायचे ते कागद टिकावा म्हणून.

शब्दाबाहेरचं एक सांगतो, कारण ते शब्दातूनच निघतं. ट्रंकेतले कागद तारखेवार किंवा विषयवार लावायला घेऊ नका. पत्रकं एकीकडे, पावत्या दुसरीकडे असं केलंत की दप्तर मोडलं आणि उरला तो संग्रह. संपाचं पत्रक मनिऑर्डरच्या पावत्यांमध्येच सापडलं असेल, तर त्या महिन्यात गावी किती पैसे गेले, की गेलेच नाहीत, हे त्या शेजारामुळेच कळतं. आधी जसं आहे तसं टिपून ठेवा, मग टाचण्या आणि रबर काढा. मुंबईच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा धुतलेलं सुती कापड बरं. कसर लागली आहे का, तेवढं पावसाळ्यानंतर बघत जा.

राहिला लेखनाचा प्रश्न. ‘दफ्तर’ही छापलेलं दिसतं, पण मराठीच्या जिभेवर हफ्त्याचा हप्ता झाला तसं याचं दप्तर झालं. ट्रंकेवर डकवायच्या चिठ्ठीवर आजोबांचं नाव लिहा आणि पुढे ‘यांचे दप्तर’, प ला त जोडून.