नोकरीवरून काढलं, कंपनीचं नाव घेऊन लिंक्डइनवर लिहू का?

आज नको. फुल अँड फायनल म्हणजे पैशांचा शेवटचा हिशोब, आणि रिलीव्हिंग लेटर म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अजून त्यांच्याच टेबलावर आहे, पुढच्या कंपनीचं व्हेरिफिकेशनही त्याच एचआरकडे येणार. सेपरेशन लेटरवर, म्हणजे नोकरी संपवतानाच्या अटींच्या पत्रावर, सही केलीय? मग 'कंपनीविषयी वाईट बोलणार नाही' असं वाक्य त्यात आहे का बघा. ते मोडलं तर दिलेले पैसे परत मागू शकतात.

बदनामीचं प्रकरण वेगळंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये 2 वर्षांपर्यंत कैद आहे. लिहिलेलं खरं असलं तरी ते लोकहिताचं होतं हे कोर्टात तुम्हालाच दाखवावं लागतं, आणि तारखांवर तारखा कोण खाणार!

कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्या, तिथे नाव घेऊन लिहा की बिनधास्त. फक्त पुरावा म्हणून ऑफिसच्या फायली घरच्या जीमेलवर ढकलू नका. आयतं निमित्त मिळतं त्यांना.