कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या (मुख्य उपासनेच्या) वेळी इतर धर्माच्या पाहुण्यांना प्रसाद का देत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये मित्राच्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे तिला हा प्रसाद पहिल्यांदा मिळतो त्या समारंभाला गेलात, सगळे उठले म्हणून रांगेत उभे राहिलात. फादरनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, पण हातावर काही ठेवलं नाही. सगळ्यांसमोर लाज वाटली. तुम्ही विचारता, मी हिंदू म्हणून असं केलं का, आणि आता मित्राला विचारावं की नाही?

मी भुसावळची, कॅथलिक. वडील रेल्वेत होते, मूळ गाव नगर जिल्ह्यात. पहिल्या कम्युनियनच्या मुलांचा वर्ग मी घेते, त्यामुळे हा प्रश्न मला मुलांच्या मित्रांकडूनही येतो.

तुम्हाला लागलं, यात नवल नाही. आपल्याकडे पंगतीत बसलेल्या एकाच्या पानात वाढायचं राहिलं तरी घरधन्याची मान खाली जाते. पण तुम्ही हिंदू आहात म्हणून ते थांबले नाहीत. त्या रांगेत माझी वहिनी असती तर तिलाही मिळालं नसतं, आणि ती जन्मापासून ख्रिस्ती आहे, प्रोटेस्टंट मंडळीतली. तुमच्या मित्राच्या धाकट्या मुलाला मिळालं नसतं, कारण त्याची तयारी अजून झालेली नाही. आणि त्या दिवशी जागेवरच बसून राहिलेले काही कॅथलिक तुमच्या लक्षात आले असतील. गंभीर पाप हातून घडलं असेल आणि फादरकडे जाऊन पापनिवेदन झालं नसेल, तर माणसाने स्वतःहून मागे राहायचं असतं. कुणी का उठलं नाही, हे शेजाऱ्याने विचारायचं नसतं.

याचं कारण प्रसाद म्हणून देतात त्या पातळ चकतीविषयी आमची श्रद्धा काय आहे, यात आहे. ती गव्हाचं पीठ आणि पाणी, एवढ्याचीच, खमीर न घालता केलेली असते. मिस्सामध्ये येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री उच्चारलेले शब्द धर्मगुरू तिच्यावर आणि द्राक्षारसावर उच्चारतात. त्यानंतर चव गव्हाचीच राहते, रंग तोच राहतो, पण आम्ही मानतो की ती आता भाकर उरलेली नाही, तो स्वतः ख्रिस्त आहे. आठवणीची खूण किंवा प्रतीक एवढंच आम्ही मानत नाही. चर्चच्या १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने हे नेमक्या शब्दांत मांडलं आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पुन्हा ठासून सांगितलं. वेदीच्या जवळ एक लहानसं कुलपाचं कपाट आणि तिथे जळणारा तांबडा दिवा तुम्ही पाहिला असेल. उरलेला ख्रिस्तप्रसाद त्यात ठेवतात. म्हणून तिथून जाताना आम्ही गुडघा टेकतो.

देताना फादर म्हणतात, ‘ख्रिस्ताचे शरीर’. घेणारा म्हणतो, ‘आमेन’. म्हणजे हो, हे खरं आहे, मी हे मानतो. तुम्ही हे मानत नसाल तर तुमच्या तोंडून ते वदवून घेणं हा पाहुणचार होत नाही. मला वाटतं, फादरनी तुमच्या स्वतःच्या श्रद्धेचाही मान राखला.

ही प्रथा अलीकडची नाही. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी सम्राटाला उद्देशून लिहिलं होतं की, जो ही शिकवण खरी मानतो आणि ज्याचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षाविधी) झाला आहे, त्यालाच या भोजनात भाग घेता येतो. त्याच्याही आधी संत पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना बजावलं होतं की, माणसाने आधी स्वतःला तपासावं आणि मग ही भाकर खावी.

खान्देशातल्या माणसाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचे रोट असतात. कित्येक घरांत ते रोट घरचे आणि भाऊबंदच खातात, दारात आलेल्या जिवलग मित्रालाही देत नाहीत. माझ्या लहानपणी शेजारच्या काकू मला त्या दिवशी वेगळं जेवायला वाढायच्या, रोट नाही, आणि मला कधी परकं वाटलं नाही. फरक एवढाच की रोटाचा हक्क घराण्यातून येतो, तर आमच्याकडे बाप्तिस्म्याने आणि कॅथलिक श्रद्धेने येतो. ते दार कुणालाही, कोणत्याही वयात उघडं आहे, पण आत यायचं ते पूर्ण समजून. त्यासाठी मोठ्या माणसांची तयारी महिनोन्‌महिने चालते.

तयारीचं म्हणाल तर मुलांचीही होते. पूर्वी मुलं बरीच मोठी होईपर्यंत थांबायची. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं की साधारण सातव्या वर्षी, भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यातला फरक मुलाला कळू लागला की त्याला द्यावं. मोठमोठ्या व्याख्या मुलांकडून पाठ करून घेण्यापेक्षा तो फरक त्यांच्या मनात उतरला का, हे मी बघते. उपासही असतो. घेण्याआधी तासभर काही खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. माझ्या आजीच्या काळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. आजी मे महिन्यातही घसा कोरडा ठेवून चर्चपर्यंत चालत जायची. १९५३ मध्ये बाराव्या पायस यांनी पाण्याची मुभा दिली आणि १९६४ मध्ये सहाव्या पॉल यांनी उपास एका तासावर आणला. आपल्याकडचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला या मुभेचं मोल सांगायला नको.

यातली खरी दुखरी जागा तुमच्यासारख्या पाहुण्यांची नाही, आमच्या घरांतलीच आहे. खान्देशात धुळे, नंदुरबार, चाळीसगाव या बाजूला अलायन्स नावाच्या प्रोटेस्टंट मिशनांनी काम केलं, त्यामुळे इथले पुष्कळ ख्रिस्ती प्रोटेस्टंट आहेत. आम्ही कॅथलिक थोडे, त्यातही रेल्वेमुळे भुसावळला आलेली कुटुंबं बरीच. मग लग्नं दोन्हीकडून होतात. माझा भाऊ रविवारी रांगेत जातो आणि वहिनी बाकावर थांबते. चर्चच्या कायद्यात अपवाद आहे: मृत्यूचा धोका असेल, किंवा बिशपना तशीच गंभीर गरज वाटली, आणि त्या माणसाची या संस्काराविषयी आमच्यासारखीच श्रद्धा असेल, तर प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणसालाही देता येतं. आमचे बिशप नाशिकला असतात, १९८७ पासून आमचा धर्मप्रांत तो आहे. पण दर रविवारसाठी हा अपवाद नाही. वहिनीला बसलेलं पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. तरीही नियम काढून टाकावा असं मी म्हणणार नाही. दोन मंडळ्यांमध्ये जी फूट खरोखर आहे ती भरून यावी म्हणून प्रार्थना करायची, ती नाहीच असं वेदीसमोर भासवायचं नाही, असं माझं मत आहे.

आता तुमच्याबाबत जे झालं त्याबद्दल. फादरनी दिलेला आशीर्वाद खरा होता, तुम्हाला कटवण्यासाठी केलेली ती खूण नव्हती. छातीवर हात आडवे ठेवून आशीर्वादासाठी पुढे जाण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, सगळीकडे नाही. पण ज्या मिस्साला इतर धर्मांचे पाहुणे येणार हे ठाऊक असतं, लग्न, अंत्यविधी, पहिलं कम्युनियन, तिथे आधी दोन वाक्यांत सांगायलाच हवं. ती जबाबदारी आम्हा यजमानांची. मी वर्गातल्या प्रत्येक पालकाला सांगते की आमंत्रण देतानाच पाहुण्यांना हे समजावा.

बाकी आमच्याकडे तुम्हाला फारच थोड्या गोष्टी बंद आहेत. मिस्साला बसा, गाणी म्हणा, मेणबत्ती लावा. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा असते, सप्टेंबरमध्ये नगर जिल्ह्यातल्या हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मारियेची. दोन्हीकडे सगळ्या धर्मांची माणसं नवस घेऊन येतात आणि कुणी कुणाला अडवत नाही. भुसावळहून नाशिकरोडला तर थेट गाड्या आहेत.

मित्राला जरूर विचारा, आणि विचारताना लाज वाटली हेही सांगा. तुम्हाला आधी सांगायचं राहून गेलं हे कळल्यावर बहुधा त्यालाच जास्त वाईट वाटेल. त्याच्या मुलीलाही विचारा, त्या दिवशी तिने काय घेतलं. वर्ग नीट झाला असेल तर ती तुम्हाला माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगेल.